सपाटीवरचं ॲव्हरेज

काटेवाल्याने बापाला किलोच्या भावाने विकायला काढलं, ही बातमी गल्लीत एका रविवारी सकाळी नळाला पाणी यायच्या आधी आली आणि पाणी जाईपर्यंत तिला हातपाय फुटले. कुणी म्हणालं भंगारवाल्याशी बोलणी झालीत, कुणी म्हणालं वृद्धाश्रमाशी. इस्त्रीवाली तर वजनासकट बातमी घेऊन आली होती. चौऱ्याऐंशी किलो.

वजन तेवढं खरं होतं. बाकीच्या बातमीला इस्त्री तिनेच केलेली. काटेवाल्याने बापाला विकलं नव्हतं, नुसतं तोललं होतं. दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं, वही काढली, आकडा लिहिला आणि "उतरा बाबा" म्हणाला. त्याच सकाळी त्याने लेकीलाही तोललं, बायकोलाही तोललं. बायकोने आकडा लिहू दिला नाही, तोंडपाठ करायला लावला. स्वतः चढून स्वतःचंही वजन त्याने लिहून घेतलं. हे सगळं चाललं होतं ते घरात एक जुनी गाडी घ्यायची होती म्हणून.

गाडी घ्यायची तर माणसं कशाला तोलायची, हा प्रश्न सगळ्या गल्लीला पडला. काटेवाल्याला पडला नाही. तिथूनच सगळं बिनसलं असं आता म्हणता येतं, पण आता म्हणायला काय जातंय.

त्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशी, दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या फटीत. आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. भिंतीवर तराजूंची पारडी टांगलेली, खाली लोखंडी वजनांच्या चळती, आणि एका लाकडी पेटीत मखमलीवर निजवलेली पितळी वजनं. त्या पितळी वजनांना तो कधी बोट लावत नसे, चिमट्याने उचलायचा. बोटाच्या घामानेसुद्धा फरक पडतो म्हणायचा. बाजारातल्या सगळ्या दुकानदारांचे काटे त्याच्याकडे दुरुस्तीला यायचे, त्यामुळे कोण किती मारतो हे त्याला जितकं ठाऊक तितकं त्या दुकानदारांच्या बायकांनाही नसेल. भाजीवाली त्याला लांबून येताना बघितलं की आधी पारड्याच्या बुडाला चिकटवलेला मेणाचा गोळा काढायची आणि मग "या भाऊ" म्हणायची.

घरीही तोच प्रकार. पोळीसाठी पीठ तोलून, साबण अर्धा कापून, लेकीच्या शाळेच्या दप्तराला मर्यादा. बायको शिवणकाम करायची, तिचीही जीभ कात्रीसारखी. ती म्हणायची, "माझ्या वडिलांनी सोन्यासारखी मुलगी दिली म्हणून सांगितलं, यांनी लगेच तोलायला घेतली." पण माणूस वाईट नव्हता हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. जे काट्यावर चढत नाही त्याच्यावर त्याचा भरवसा जरा कमी, एवढंच.

बाप नेमका उलट. गल्ली त्यांना पायलट म्हणायची. बत्तीस वर्षं त्यांनी बस चालवली, त्यातली एकोणीस घाटातल्या एकाच मार्गावर. त्यांना कशाचाही आकडा विचारून उपयोग नव्हता. भाजीत मीठ किती टाकू, तर लागेल तेवढं. किती वाजले, तर पेपरवाला येऊन गेला, दूधवाला यायचाय. गाडी मात्र ते कानाने ओळखायचे. गॅलरीत रस्त्याकडे पाठ करून चहा पीत असताना खालून एखादी गाडी गेली की म्हणायचे, "याचा मागचा टायर बसलाय." आणि तो माणूस थोड्या वेळाने चौकात टायरला लाथा मारताना दिसायचा. या बाप-लेकाचं पटायचं नाही असं नाही. पटायचं. फक्त एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.

मग पायलट जिन्यातल्या कुंडीला धडकले. आठवड्याने दाराच्या चौकटीला, पुढच्या आठवड्यात इस्त्रीवालीला. इस्त्रीवालीने त्याचा भलताच अर्थ काढला आणि चार दिवस पदर सावरून चालली. डॉक्टरीणबाईंनी मात्र काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, कडेचं जात चाललं होतं. थेंब घालून ते सावकाश जाईल, पण जाईल. "वर्षभर बऱ्यापैकी दिसेल, पुढचं सांगता यायचं नाही," असं त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काटेवाल्याने बापाचा दंड धरला. तसा तो कधी धरत नसे.

"बाबा, काही बघायचं राहिलंय का?"

"दरी."

"कुठली?"

"घाटातली. एकोणीस वर्षं तिच्या काठाने गेलो. मागून पोरं ओरडायची, बायामाणसं देवाचं नाव घ्यायची, कुणी कुणी तर उभं राहून बघायचं. मी नाही बघितली. ड्रायव्हरने दरीकडे बघितलं की सगळ्यांनाच ती जवळून बघायला मिळते."

बस आता त्या रस्त्याने जात नव्हती. बोगदा झाल्यापासून सगळ्या बसगाड्या डोंगराच्या पोटातून जायच्या, जुन्या घाटात फक्त खाजगी गाड्या. काटेवाला म्हणाला, भाड्याची करू. पायलट म्हणाले, "मग मी मीटरकडे बघू की दरीकडे?" तसंही घरात गाडीची बोलणी दोन वर्षं चालली होती. बायकोची शिवलेल्या कपड्यांची गाठोडी, लेकीची शाळा दूर गेलेली, दुकानातली वजनं ने-आण करायला हातगाडीवाल्याचे नखरे. नवी घेण्याची ऐपत नव्हती. एक रक्कम साठली होती, तिच्यात एक बरी, कमी तेल पिणारी, घरातली चारही माणसं मावतील अशी जुनी गाडी बसवायची होती. आणि वर्षाच्या आत बसवायची होती.

काटेवाला तीन रविवार गाड्या बघायला गेला. त्या तिन्ही रविवारी काय झालं ते त्याच्या बायकोने नंतर सांगितलं, नाहीतर कळलं नसतं.

पहिल्या रविवारी पायलटनी सकाळी दाढी केली, बूट पुसले, घातले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांनीही काही सांगितलं नव्हतं. काटेवाला वही, पेन्सिल आणि कापडी टेप घेऊन बाहेर पडला.

बायको जिन्यापर्यंत आली. "अहो, बाबांना न्या की बरोबर. बूट घालून बसलेत ते."

"उन्हात त्यांना कशाला उभं करायचं? डोळ्यात आत्ता थेंब टाकलेत."

"डोळ्यांचं सांगू नका. त्यांनी कधी डोळ्यांनी गाडी बघितलीय?"

"तेच तर. ते म्हणणार, आवाज बरा नाही. बरा नाही म्हणजे किती? वहीत काय लिहू मी?"

दुसऱ्या रविवारी पायलट पुन्हा बूट घालून बसले. तिसऱ्या रविवारी चपला घालून बसले, आणि काटेवाला बाहेर पडल्यावर पाच मिनिटांनी त्याही काढल्या.

जुन्या गाड्या विकणारा तो गाडीवाला गोडबोल्या होता. त्याच्या अंगणातली प्रत्येक गाडी एका डॉक्टरीणबाईंची असायची आणि त्या बाई ती फक्त रविवारी काढत असत. काटेवाल्याने एकदा विचारलं, "या बाईंना एवढ्या गाड्या, मग पेशंट कधी बघतात?" तेव्हापासून त्याच्या वाट्याच्या गाड्या शिक्षकांच्या झाल्या. अठरा गाड्या वहीत चढल्या आणि सोळा खोडल्या गेल्या. शेवटी दोन उरल्या. एक करडी, लांबट, दहा वर्षांची, एका दाराला पोचा आलेला, इंजिन मोठं. दुसरी लाल, आखूड, चकचकीत, पाच वर्षांची, इंजिन छोटं, एकाच मालकाच्या हातची. किमतीत फारसा फरक नाही.

गाडीवाला दोन्ही गाड्या दाखवायला गल्लीत घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी जरासा चढ आहे, सायकलवाले उतरून चालतात एवढाच. करडी वर आली, पायलट गॅलरीत चहा पीत होते, ते पीत राहिले. लाल वर येऊ लागली तशी त्यांची बशी ओठाजवळ थांबली, दुसरा हात मांडीवरून उठला आणि हवेतच गिअर खाली ओढला. खाली गाडीवाल्याने तो त्यानंतर दोन श्वासांनी बदलला. नात शेजारी बसून वेणी घालून घेत होती. तिने हे बघितलं आणि हसून आईला सांगितलं, "आजोबा हवेत गाडी चालवतात."

आई हसली. सगळेच हसले. म्हाताऱ्या ड्रायव्हरचा हात, दुसरं काय.

आता ती वजनांची गोष्ट.

कुठला काटा चांगला हे ठरवायचं तर काटेवाला आधी तो सपाट जागेवर ठेवायचा. पाणसळ लावून बघायचा, बुडबुडा मधोमध आला की मगच वजनं चढवायची. उतारावर ठेवलेला काटा खोटं बोलतो. हे त्याला त्याच्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि त्यानंतर कधी उलटं शिकायची वेळ आली नव्हती. त्यामुळे गाडी तपासायचा दिवस आला तेव्हा त्याने तळ्याभोवतीचा रस्ता निवडला. तो परातीसारखा सपाट. गाडीवाला म्हणालाही, "साहेब, जरा टेकडीकडून मारू की एक चक्कर." काटेवाला म्हणाला, "चढ घेतला की आकडा बिघडतो." गाडीवाल्याला तेवढंच हवं होतं. त्याने पुन्हा टेकडीचं नाव काढलं नाही.

चारही माणसांना उन्हात पंधरा फेऱ्या कशाला मारायला लावायच्या, म्हणून त्याने माणसांच्या जागी वजनं बसवली. दुकानातून लोखंडी वजनं गल्लीत आणली आणि सगळ्या जगासमोर गाडीत मांडली. पुढच्या सीटवर, खिडकीकडे, चार विसाची आणि दोन दोनाची. ते पायलट. मागे एक वीस, एक दहा, एक दोन, एक एक. ती लेक. तिच्या शेजारी दोन विसाची, एक दहाचं, एक पाचाचं, एक दोनाचं, एक एकाचं. इस्त्रीवालीने मोठ्याने बेरीज केली आणि अशा रीतीने बायकोचं वजन, जे वहीतसुद्धा नव्हतं, ते अख्ख्या गल्लीच्या तोंडी झालं. बायकोने त्या दिवशी नवऱ्याला जेवायला वाढलं, पण मोजून वाढलं.

घसरू नयेत म्हणून त्याने सगळ्या वजनांना सीटबेल्ट लावले. पायलट वरून बघत होते.

"पुढे कोण बसलंय?" त्यांनी नातीला विचारलं.

"तुम्ही, आजोबा. चार मोठे आणि दोन लहान."

"गप्प बसलाय बरा," पायलट म्हणाले. "गुणी दिसतोय."

गल्ली या वाक्यावर आठवडाभर हसली. काटेवालाही हसला. नंतर त्याला हसल्याचं आठवायचं आणि तो हातातलं काम थांबवायचा.

टाकी काठोकाठ भरायची, पंधरा फेऱ्या, पुन्हा काठोकाठ भरायची, किती तेल गेलं बघायचं. दोन्ही गाड्यांना एकदा सगळी वजनं घेऊन, एकदा पुढच्या सीटवरची उतरवून. ती उतरवायची वेळ आली तेव्हा गाडी पुन्हा गल्लीतच उभी होती, गॅलरीच्या बरोबर खाली.

गाडीवाल्याने कंटाळून विचारलं, "हे आणि कशाला?"

"रोजचा हिशोब निराळा," काटेवाला चार विसाची वजनं एकेक करून फुटपाथवर ठेवत म्हणाला. "रोज काय, शाळा नि दुकान. बाबा कितीदा बसणार आहेत?"

वर गॅलरीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्याने ऐकला. ते त्याने पुढे बायकोजवळ कबूल केलं. पण तेव्हा त्याच्या हातात वीस किलो होते आणि डोक्यात दशांश.

संध्याकाळी त्याने कागद तयार केला. खूप नेटका. एका बाजूला करडी, एका बाजूला लाल, आणि खाली दोन रकाने: 'बाबांसह' आणि 'बाबांविना'. करडी दोन्हीकडे पंधराच्या आसपास. लाल बाबांसह अठरा, बाबांविना साडेएकोणीस. कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. लेकीला नुकतं दशांश शिकवलं होतं, तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. 'बाबांविना' हा शब्द तिने दोनदा वाचला, तिला वाटलं आपण कुठे चुकतोय. पायलट म्हणाले, "बरोबर वाचतेस. पुढचं वाच."

लाल घेतली. करडी पंधरा दिवसांत एका पाववाल्याने नेली.

एक महिना लाल गाडीने खरंच चांगलं ॲव्हरेज दिलं. काटेवाल्याने दर टाकीला ते लिहून ठेवलं. मग एका स्वच्छ उन्हाच्या रविवारी ते घाटात निघाले. बायकोने डबे भरले. पायलटना वरच्या कठड्याजवळ निवांत बसता यावं म्हणून घडीची खुर्ची डिकीत ठेवली. पायलट बूट घालून खाली आले, पुढच्या सीटवर खिडकीकडे बसले, काच पूर्ण खाली घेतली. नात म्हणते, ते मान खिडकीकडे वळवून आधीच तयार बसले होते, सपाटीवर असतानाच. शेतं आणि विजेचे खांब बघत. कडेचं दिसत नव्हतं ना, म्हणून मान आधीच वळवून ठेवलेली.

पहिलं वळण गाडीने घेतलं. दुसऱ्या वळणावर ती रेकली. काटेवाल्याने गिअर खाली घेतला, पुन्हा घेतला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी मात्र ऐकत नव्हती. आत जळल्या चपलेसारखा वास यायला लागला. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी गाडी थांबली आणि हातभर मागे सरकली. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. बायकोने लेकीला जवळ घेतलं. पायलटनी मान खिडकीकडून समोर आणली, एकदा लेकाच्या पायाकडे बघितलं, आणि दार उघडून उतरले.

"बाबा, बसा. मी बघतो काय ते."

"वर जाऊन बघ. मागे लोक खोळंबलेत."

ते गाडीमागे गेले आणि डिकीवर दोनदा थापा मारल्या. कंडक्टरच्या दोन घंटा म्हणजे निघा. हे बत्तीस वर्षं ज्यांनी ऐकलं त्यांनी आज दिलं.

आणि गाडी निघाली. चौऱ्याऐंशी किलो कमी झाले ते काटेवाल्याला स्टिअरिंगमध्ये कळलं. आयुष्यात कुठलंही वजन त्याला हातात इतकं नेमकं कळलं नव्हतं. थांबायला हवं होतं. आज विचारलं तर तो एवढंच सांगतो, की थांबायला हवं होतं, गाडी तिथेच कडेला लावून बापाशेजारी उभं राहायला हवं होतं, मागचे हॉर्न काय, वाजले असते. पण मागे रांग, पुढे चढ, आणि बापाने घंटा दिलेली. त्याला वाटलं, यांना वर सोडू, मग एकट्या बाबांना आणू. एकटे म्हणजे चौऱ्याऐंशीच. आकडा जमत होता.

वर दरी होती. फार मोठी होती म्हणतात. बायको गाडीतून उतरली नाही. लेक उतरली, कठड्याशी जाऊन आली, आणि विचारू लागली, "आजोबांची खुर्ची काढून ठेवू का?" काटेवाला म्हणाला, ठेव. तिने ती उघडली, पुसली आणि दरीकडे तोंड करून ठेवली.

तो एकटाच खाली आला. तिसऱ्या वळणावरून दरी दिसत नाही, तिथे रस्ता डोंगरात आत घुसतो, दोन्ही बाजूंना कातळ. पायलट एका बुटक्या दगडावर बसले होते, रुमाल डोक्यावर टाकून.

"चला बाबा. आता आपण दोघंच."

पायलट बसले. काटेवाल्याने गाडी वळवली, गिअर टाकला, पाय दाबला. इंजिन भरून आलं, गाडी जागची हलली नाही. बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करायला गेला तेव्हा पायलटनी नुसता हात वर केला, जसा मागून येणाऱ्यासाठी करतात. मग दोघं उतरून कातळाकडे तोंड करून उभे राहिले. गाडी निवत होती.

"या दगडाची ओळख होती," पायलट म्हणाले. "एकोणीस वर्षं इथेच हॉर्न द्यायचो."

बायको आणि लेक दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीने खाली आल्या. खुर्ची आणायची राहिली.

गाडी नुसती उताराला सोडून दोघं खाली निघाले. काटेवाला वाट बघत होता. एक टोमणा, एक शिवी, नाहीतर नुसतं 'काय हे' तरी. पायलटनी काचही वर घेतली नाही, वारा येत होता तेवढा घेत राहिले.

मेकॅनिकने गाडी उघडली आणि क्लचप्लेट काढून त्याच्या हातात दिली. ती काचेसारखी गुळगुळीत झाली होती. "आधीपासूनच गेलेली होती. सपाटीवर कळत नाही हो. घेताना एकदा चढावर घातली असती माणसं भरून, तर तिथेच बोलली असती. तुम्ही बघितली नव्हती का चढावर?"

काटेवाल्याने प्लेट दोन्ही हातांत धरली होती. बोटांनीच. ती किती भरेल याचा अंदाजसुद्धा त्याने केला नाही.

"काटा सपाटीवर तपासतात," तो म्हणाला.

"हा काटा आहे होय?" मेकॅनिक म्हणाला, आणि पुढच्या गाडीखाली शिरला.

साठवण गाडीतच गेली होती, त्यामुळे नव्या प्लेटला दोन महिने लागले. ती बसली त्याच आठवड्यात घाटात दरड कोसळली आणि जुना रस्ता बंद झाला. बोगदा असताना जुन्या रस्त्याची घाई कुणाला. चार महिने काटेवाला रोज पेपरात एकच बातमी शोधायचा. या काळात पायलट चौकटींना धडकायचे थांबले, कारण त्यांनी उठणंच कमी केलं. कपाटावरचा कागद एका सकाळी कुणीतरी काढला. कुणी काढला ते कुणी विचारलं नाही. इस्त्रीवालीसुद्धा या विषयावर विनोद करेनाशी झाली, आणि हे फार दुर्मिळ आहे.

रस्ता उघडला त्या दिवशी काटेवाला धावतपळत घरी आला. नवी प्लेट होती, आणि तरीही त्याने पाववाल्याकडून करडी गाडी एका दिवसासाठी मागून ठेवली होती. लाज वाटत होती, पण मागितली होती.

"बाबा, रविवारी जायचं घाटात. करडी घेऊन."

"नको."

"का? मी सगळं बघून ठेवलंय. टेकडीच्या चढावर घालून बघितली. परवा आणि काल."

"गाडीचं नाही रे. माझी आता नळी झालीय. पेपराचा एक शब्द दिसतो, शेजारचा दिसत नाही."

"मान वळवून बघा ना. मी गाडी सावकाश घेतो. तुम्ही म्हणाल तिथे थांबतो."

"नळीतून बघितलेली दरी म्हणजे विहीर," पायलट म्हणाले. "विहिरी बघितल्यात मी."

काटेवाल्याने पाववाल्याला निरोप पाठवला. पाववाला भला माणूस, पुन्हा लागली तर न्या म्हणाला.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी दोघं गॅलरीत बसले होते. आत मशीन चालू होतं, बायको पडदे शिवत होती. खालून गाड्या जात होत्या आणि पायलट डोळे मिटून ऐकत होते. काटेवाल्याने दोघांच्या बशांत चहा ओतला. शेवटी त्याने ते विचारलं, जे त्याच्या मनात सहा महिने घोळत होतं.

"बाबा, लाल गाडी पहिल्यांदा गल्लीत आली तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"चौथ्या घरापाशी क्लच सुटला तिचा."

"ही घाट चढायची नाही, हे कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत? मी नेलं नाही, मान्य. विचारलं नाही, तेही मान्य. पण एक शब्द बोलायचा होता तुम्ही. मी ऐकलं असतं."

पायलटनी चाचपून बशी खाली ठेवली.

"बत्तीस वर्षं माझ्या डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये म्हणून. गाडी तू चालवत होतास."